गुंडाप्पांचा फोटो

“ताई, माउसला हात लावू नका. आधी इंटरनेटची वायर काढा,” शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून धावत आलेला साद पायरीवरूनच म्हणाला.

दीपालीने वायर उपसली. पडद्यावरची लाल चौकट हलली नाही. सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे, सोडवायच्या असतील तर पैसे भरा, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं. फोल्डरातल्या प्रत्येक नावाला रात्रीतून एक विचित्र शेपूट फुटलं होतं.

मंगळवार होता. येडेश्वरीच्या तसबिरीपुढे दिवा लावून, तेल ओघळू नये म्हणून खाली रद्दीचा कागद सरकवून, तिने रोजच्यासारखे हात जोडले होते. मगच संगणक सुरू केला होता. एकदा लावलेला दिवा आपसूक शांत होईपर्यंत हलवायचा नाही, हा तिचा नेम. त्याकडे पाहत ती म्हणाली, “सादभाई, बाकीचं जाऊ द्या. गुंडाप्पांचा फोटो तेवढा उघडतो का बघा.”

येरमाळ्याच्या स्टँडजवळच्या या दुकानात लग्नाचे अल्बम होत, पासपोर्टचे फोटो निघत. पण दीपालीचं नाव झालं होतं ते गेलेल्या माणसांमुळे. चुरगळलेल्या, वाळवी लागलेल्या फोटोंतून ती अख्खा माणूस उभा करून द्यायची. गजराबाईंच्या नवऱ्याचा, गुंडाप्पांचा, आधार कार्डावरचा सोडला तर जन्मात एकच फोटो निघालेला, तोही गालावरून फाटलेला. “आधारवरला माणूस तर आमचा वाटतच न्हाय,” गजराबाई म्हणाल्या होत्या. दीपालीने बसून बसून गाल भरला, मिशी जुळवली. पडद्यावर नवरा पाहून गजराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला होता.

आणि फाटका फोटो? त्याचं काय करू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दीपालीच म्हणाली होती, “खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, आक्का. आता पुरा आहे की इथं.” गजराबाईंनी दुसऱ्याच दिवशी तो हळदकुंकू वाहून तेरणा नदीत सोडला.

उद्या वर्षश्राद्ध होतं.

सादने आपला पेनड्राइव्ह लावला, संगणक विंडोजऐवजी त्यातल्या लिनक्सवर सुरू केला आणि फोल्डर उघडलं. फोटोच्या जागी नुसते राखाडी चौकोन. “लिनक्सनं आत जाता येतंय, ताई. पण फायलीलाच कुलूप हाय. कुठल्याबी दारानं गेलं तरी पेटी बंदच.”

“कॉपी आहे ना. हार्ड डिस्कच्या त्या काळ्या डबीत.”

“ती जोडलेलीच व्हती का रात्रभर?”

डबी जोडलेलीच होती. तिच्यातही तीच शेपटं.

उन्हाळ्यात येडशीच्या एका फोटोवाल्याचं असंच सगळं गेलं होतं. तेव्हा घाबरून तिने सादला विचारलं होतं, विंडोज, लिनक्स, मॅक, यातलं सगळ्यांत सुरक्षित कोणतं? चहाचा कप धरून साद म्हणाला होता, “विंडोज म्हंजे आपलं स्टँड. सगळी दुनिया तिथंच उतरती, म्हणून पाकीटमारबी तिथंच. त्यात तुमचं सात नंबरचं. कंपनीनं त्याची डागडुजी कवाच सोडली. लिनक्स पाव्हण्याला उंबऱ्यावर थांबवतं, पासवर्ड मागतं.”

“आणि मॅक?”

“मोठ्या घरची सून. कुणाशी बोलायचं ते सासर ठरवतंय. पण आजारी तीबी पडती.”

“तुमच्या लिनक्सवर माझं फोटोचं सॉफ्टवेअर चालेल?”

“न्हाई.”

“मग नवरात्र होऊ द्या, बघू.”

ते सॉफ्टवेअरही चोरीचं. बसवणाऱ्याने अँटिव्हायरस बंद करायला लावला होता, तो तसाच बंद होता.

“काल काय जोडलं व्हतं?” सादने विचारलं.

“शूटिंगवाल्याचा पेनड्राइव्ह. त्यातली एक फाइल उघडली.”

“काही विचारलं विंडोजनं?”

“ते नेहमीच विचारतं. मी नेहमीच ‘हो’ करते.” तिचा आवाज आणखी खाली गेला. “लिनक्स असतं तर वाचले असते का हो गुंडाप्पा?”

साद पेनड्राइव्ह बोटांत फिरवत राहिला. “बहुतेक. पण तिथंबी विचारल्यावर तुमी पासवर्ड टाकला असता, तर...”

“झाला का गं आमचा म्हातारा?” दारातून आवाज आला. गजराबाई. काखेत फ्रेम, नवी, काच पुसलेली. “शाई यायची म्हनली व्हतीस ना बार्शीवरनं?”

प्रिंटरची शाई आली होती. खोकं टेबलावर तसंच बंद पडलं होतं. जुनी संपत आलेली, म्हणून त्या दिवशी साध्या कागदावर काढून पाहिलेला फोटो हिरवट आला होता...

दीपालीची नजर दिव्याखाली गेली. रद्दीत टाकलेला कागद. आज सकाळी हाताला लागला तो.

क्षणभर तिचे ओठ हलले. मग तिने जळता दिवा उचलला.

तोच होता. हिरवट, एका कोपऱ्याला काजळी, आणि कपाळापासून मिशीपर्यंत तेलाचं गोल वर्तुळ.

“आक्का, चांगला फोटो गेला. संगणकातनं गेला. माझ्या हातनं गेला,” ती म्हणाली. “एवढाच आहे.”

गजराबाईंनी कागद घेतला. तेलाच्या वर्तुळावरून बोट फिरवलं. साद उगाच वायर गुंडाळत राहिला.

“तेल कशाचं?”

“तिळाचं.”

“मग चालतंय.” त्यांनी कागद दाराच्या उजेडाकडे धरला. तेलाने पातळ झालेल्या जागेतून रस्त्यावरचं ऊन आत आलं, आणि त्या हिरव्या तोंडावर डोळे तेवढे उजळले. “ह्यो खंडित न्हाय ना?”

“नाही, आक्का.”

“घडी घालू नगंस. असाच नेते.”

कागद दोन्ही तळव्यांवर आडवा धरून त्या पायरी उतरल्या. फ्रेम काखेत तशीच राहिली. कळंबची गाडी लागली होती. गाडीच्या दारातली माणसं त्यांना वाट देत बाजूला झाली.

दीपाली उभी होती. हातातला दिवा जळत होता आणि तो आता कशावर ठेवावा, हे तिला कळत नव्हतं.