मानेशी राहिलेला रंग

मी सुरी बोलतेय. दचकू नका, माझ्यानं धड लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. मी चित्रकाराच्या टेबलावरची, रंग कालवायची आणि नको झालेला रंग खरवडून काढायची सुरी. पातं लवचीक, धार नावालाही नाही. तरी माझ्या हातून एक माणूस पुसला गेलाय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच मापाच्या हजार बहिणींबरोबर मी ठप्प्याखालून बाहेर पडले. आपण वेगळं दिसावं, लोकांनी आपल्याला ओळखावं, असलं काही कधी मनातही आलं नव्हतं. तो त्रास काय असतो, हे मालकिणीच्या घरी आल्यावर कळलं.

मालकीण माणसांचे चेहरे काढायची. एका नावाजलेल्या सरांच्या हाताखाली आठ वर्षं शिकली होती आणि तिथंच पंचाईत झाली होती. तिच्या चित्रात सरांचा तपकिरी रंग यायचा, सरांचा डावीकडून पडणारा उजेड यायचा, एवढंच काय, माणसांचे ओठही सरांच्या चित्रातल्यासारखे किंचित मिटलेले. पहिल्याच प्रदर्शनात एक बाई चित्रासमोर थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, “सरांचं नवीन काम दिसतंय.” मालकीण शेजारीच उभी होती. ती नुसती हसली. घरी आली ती चपला न काढताच आत गेली आणि तिनं मला उचललं.

पुढची दोन वर्षं हेच चाललं. सकाळपासून जीव तोडून काढायचं, उजेड उतरला की चार पावलं मागं सरून बघायचं, “परत सरच,” असं पुटपुटायचं आणि ओला रंग माझ्याकडून खरवडून घ्यायचा. एकदा तिनं मला इतक्या रागानं दाबलं की माझी मूठच तुटली.

नवी मूठ बाबांनी बसवली. बाबा म्हणजे तिचे वडील. ते सुतार, घराच्या मागच्या खोलीत काम करायचे आणि लेकीच्या चित्रांच्या चौकटीही तेच बनवायचे. त्यांनी तिला कणकेचा गोळा मुठीत घट्ट दाबायला लावला आणि त्यावर उमटलेल्या बोटांबरहुकूम लाकूड तासलं. अंगठ्यासाठी एक खळगा ठेवला. मला ओळख अशी आयती मिळाली. तिला मात्र ती काही केल्या सापडत नव्हती.

मग एक दिवस तिच्या मावशीचं चित्र अर्धं खरवडून झालं होतं आणि बाबा चौकटीचं माप घ्यायला आले. एक गाल कॅनव्हासच्या विणीत झिरपून फिकट उरला होता, डोळा होता आणि नव्हताही. बाबा माप घ्यायचं विसरले.

“याला आता हात लावू नकोस, बयो,” ते म्हणाले. “हे तुझं आहे.”

खरंच तसं होतं. पूर्ण काढलेला चेहरा अर्धा पुसायचा, ही तिची रीत झाली. पाहता पाहता तिचं नाव झालं. लोक सही न शोधता तिचं चित्र ओळखू लागले. मीही तेव्हा फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

पण मला हळूहळू एक गोष्ट जाणवायला लागली. पूर्वी खरवडताना तिचा हात मधेच अडायचा. आता तो सराईत झाला होता. कुठला गाल जाणार, कुठला डोळा राहणार, हे ती ब्रश हातात घेण्याआधीच ठरवू लागली. बाबांच्याही ते लक्षात आलं. एकदा जेवताना ते म्हणाले की पूर्वी मनासारखं झालं नाही म्हणून पुसायचीस, आता पुसायचं म्हणून काढतेस. तिला ते लागलं. दोन दिवस ती त्यांच्याशी तुटकच बोलत होती.

त्याच सुमारास बाबांचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. फार महिने नाहीत, हे तिला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना ते न सांगताच कळलं असावं. त्यांनी लेकीकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.

“माझं एक चित्र काढ. अख्खं काढ. फक्त पुसू नकोस.”

सात दिवस रोज सकाळी ते स्टुलावर बसले. दम लागायचा, मधूनच डुलकी यायची, पण उठले नाहीत. आणि तिनं काय चित्र काढलं! हनुवटीवरचा, पटाशी निसटून झालेला जुना व्रण, कानामागं खोचलेली पेन्सिल, लेकीकडे बघताना मऊ होणारे डोळे. त्यात सर नव्हते, मीही नव्हते. सात दिवस मी टेबलावर नुसती पडून होते आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी कलादालनाचे व्यवस्थापक आले. बाबा मागच्या खोलीत चौकटीला शेवटचा हात फिरवत होते. व्यवस्थापकांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “सुंदर आहे. पण हे तुमचं वाटत नाही.”

ते गेले. ती उभीच राहिली. त्या वाक्यानं तिला पुन्हा त्या पहिल्या प्रदर्शनात नेऊन उभं केलं होतं, हे मला दिसत होतं. तिचा अंगठा माझ्या खळग्यात येऊन बसला. नको, नको, असं मी किती वेळा म्हटलं, पण सुरीचं कोण ऐकतं? खालचा थर अर्धवट सुकला होता, म्हणून जोर लागला. व्रण गेला, पेन्सिल गेली, शेवटी डोळे.

बाबा चौकट घेऊन दारात आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“पुसलंस होय?” एवढंच त्यांनी विचारलं.

“मी परत काढते, बाबा. उद्याच बसू.”

“काढ की. मी कुठं पळून चाललोय?” असं म्हणून त्यांनी चौकट भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना स्टुलावर बसवेना. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले.

दुःखाच्या दिवसांत व्यवस्थापकांनी ते पुसलेलं चित्र मागितलं आणि तिनं नुसती होकारार्थी मान हलवली. पुढं ते भेटायला आले तेव्हा आनंदानं सांगत होते की चित्र दालनात समोरच लावलंय, लोक लांबूनच ओळखतात तुमचं म्हणून. तिनं विचारलं, तो माणूस कोण, असं विचारतं का कुणी? ते म्हणाले, नाही, तशी वेळच येत नाही.

आता ती रोज आठवणीतून बाबा काढायला बसते. हनुवटीपर्यंत येते आणि अडते. व्रण डावीकडे होता की उजवीकडे, हे तिला नक्की आठवत नाही. मला माहीत आहे. तो माझ्या अंगावरून गेलाय. पण मला सांगता येत नाही. रिकामी चौकट भिंतीला तशीच टेकलेली आहे.

काल तिनं मला खणातून काढलं आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसायला घेतलं. पातं लख्ख झालं. मग फडकं माझ्या मानेशी आलं, जिथं पातं बाबांनी तासलेल्या लाकडात शिरतं. तिथं थोडासा रंग सुकून बसलाय, उन्हात रापलेल्या कातडीचा. तो कुणाचा हे तिनं ओळखलं. तिचा हात थांबला.

बयो, माझं बाकी सगळं अंग पूस, हवं तर मला फेकून दे. फक्त एवढं पुसू नकोस.