गोलपुढचा चिखल

पुण्याच्या फुटबॉल क्लबात शहादेवला पगार बरा होता, पण भाव नव्हता. गोल मारणारा रोशन बसमधून उतरला की पोरं त्याच्याबरोबर फोटोसाठी जीव टाकायची आणि शहादेवच्या हातात मोबाइल देऊन म्हणायची, "दादा, जरा काढता का?" तो काढायचा. वर हसायचासुद्धा. गोलकीपरचं नाव लोक घेतात ते गोल झाल्यावर, आणि तेही शिवी जोडून. हे त्याला फार लागायचं.

म्हणून तेलगावकडच्या एका साखर कारखान्यानं क्लबाला प्रदर्शनी सामन्यासाठी बोलावलं तेव्हा तो हरखला. ऊस वाळून गेला होता, कारखाना बंद होता आणि निवडणूक तोंडावर आलेली. चेअरमन सुंदररावांना लोकांपुढं काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. शहादेवची वस्ती तिथून जवळच. निदान आपल्या माणसांत तरी रोशनपेक्षा आपलं नाव मोठ्यानं घेतलं जावं, एवढीच त्याची इच्छा.

सुंदररावांनी फोनवर विचारलं, "काय लागलं तर सांगा. तुमी घरचे."

"बाकी काय न्हाई, साहेब. गोलपुढची जमीन लई टणक असंल, सूर मारला की अंग सोलून निघतंय. जरा पाणी मारून ठेवा."

पुण्यात हे बोलणं रोजचंच. फोनच्या पलीकडं दुष्काळ आहे, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सामन्याच्या दिवशी गोलपुढं मऊ काळा चिखल होता. शहादेव सुखावला, गोलकीपरची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती. क्लबाचेच दोन संघ पाडले होते आणि रोशन समोरून खेळत होता. त्याचा एकेक फटका शहादेवनं चिखलात लोळून अडवला. टेम्पो भरून आलेल्या वस्तीवाल्यांनी त्याच्या नावानं मैदान डोक्यावर घेतलं. रोशनला कुणी विचारेना. शहादेवला रडू फुटायचंच बाकी होतं.

सामना संपल्यावर सुंदररावांनी त्याला फेटा बांधला आणि कानाशी म्हणाले, "पाणी पुरलं ना? तुमच्या वस्तीचा टँकर वळवला इकडं. आपलीच माणसं हायेत, कोण काय म्हणतंय?"

शहादेवनं अंगावरच्या चिखलाकडं पाहिलं. फोटोवाला त्याला हसायला सांगत होता.

तेवढ्यात त्याची आई, तुळजाबाई, गर्दीतून वाट काढत आली. ओरडून तिचा घसा बसला होता. पदरानं ती त्याच्या गालावरचा चिखल पुसू लागली.

"लई नाव काढलंस, बाबा. आता एक कर. चेअरमन तुझं ऐकत्यात. आज आपला टँकर आलाच न्हाई. तेवढा कुठं गेला, इचार त्यांला."

शहादेवनं मान खाली घातली. तिनं तो होकारच धरला. मागं वळून तिनं वस्तीवाल्यांना सांगितलं, की शहादेव चेअरमनशी बोलतोय, आता टँकर येतोय. मग त्याच्या नावाचा जो गजर झाला, तसा रोशनच्या नावाचा पुण्यातही कधी झाला नव्हता.