शाल, नारळ आणि मानसीची फी

चारकोपच्या हॉलमध्ये कोळंबवाडी ग्रामस्थ मंडळाचा कार्यक्रम रंगात आला होता आणि गुणाजी परब स्टेजवर मधल्या खुर्चीत ताठ बसला होता. बसणारच. मंडळ त्यानेच काढलेलं. गावच्या गरजू पोरांच्या कॉलेज फीला मंडळाने हातभार लावायचा, ही कल्पनाही त्याचीच. नावं सेक्रेटरी वनमाला राणे ठरवायची. उगाच कोणी वशिला म्हणायला नको म्हणून गुणाजी ती आधी बघतसुद्धा नसे. नाव पुकारलं की पोरगं वर यायचं, गुणाजीच्या हातून पाकीट घ्यायचं, पाया पडायचं, फोटो. आणि दरवर्षी त्याचं एकच भाषण: "मदत घेण्यात लाज कसली रे?"

सांगायला काय जातंय! तो कामाला होता ती कंपनीच बंद पडून वर्ष उलटलं होतं. सुपरवायझर गुणाजी आता बोरिवलीच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होता आणि गाववाल्यांपैकी एकालाही त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. मुलगी मानसी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आधीच्या वर्षांचं बँकेचं कर्ज डोक्यावर होतंच. आणखी द्यायला बँक तयार नव्हती. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. मंडळाला विचारा म्हणून बायको रुक्मिणी मागे लागली, तेव्हा हा खेकसला होता, "ते पैसे गरिबांचे आहेत!"

"मग आपण कोण, बाबा?" मानसीने विचारलं होतं. त्यावर हा जेवण टाकून उठला होता.

"आणि शेवटचं पाकीट," वनमाला माईकवर म्हणाली, "मानसी गुणाजी परब."

गुणाजीने चमकून वनमालाकडे बघितलं. मायलेकींनी परस्पर नाव दिलं होतं तर! मानसी पायऱ्या चढून वर आली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतला चुलतभाऊ चंदर तर पुढे वाकून बघायला लागला. अरे देवा, आता सगळं बाहेर येणार. गेट, शिट्टी, निळा युनिफॉर्म, सगळं.

त्याने पाकीट मानसीच्या हातात ठेवलंच नाही. माईक ओढला.

"गाववाल्यांनो, माझ्या पोरीने हे पाकीट मंडळाला परत द्यायचं ठरवलंय. आमच्यापेक्षा गरजू कोणी असेल, त्याला द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वनमाला त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने यंदा राहून गेलेल्या सुयोगचं नाव पुकारलं. त्याची आई शांताबाई पदराने डोळे पुसत आली, पाकीट कमरेला खोचलं आणि गुणाजीच्या पायांवर डोकंच टेकलं. "देवमाणूस आसात तुमी!" गुणाजीला पाय मागे घ्यावेसे वाटले. बाजूला मानसी रिकाम्या हाताने उभी होती. फोटोवाला म्हणाला, "ताई, स्माईल!" आणि ती हसली.

ते हसू बघून गुणाजी शरमेने मेला. पाकीट आता मागणार तरी कुठल्या तोंडाने? वर मंडळाने त्याच्याच खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

घरी जाताना रिक्षात तो एकदाच म्हणाला, "मानसी..."

"राहू दे ना, बाबा."

चिडली असती तर बरं झालं असतं.

रुक्मिणीने दार उघडलं. घरात खापरोळ्यांचा वास सुटला होता. बाईने आधीच गोड करून ठेवलं होतं. शालीकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"गावले काय गो पैसे?"

गुणाजीने तोंड उघडलं, पण मानसी आधी बोलली. "नाही गं आई. यंदा माझं नावच नव्हतं." आणि ती चपला काढायला वाकली.

"असा कसा? वनमाला माका हो म्हणाली होती!" रुक्मिणीचा चेहरा उतरला. "थांब, तिका फोनच करतंय."

"नको," गुणाजी म्हणाला. नारळ अजून त्याच्या हातातच होता. "तिचा नाव होता. मीच घेवक दिलंय नाय. सगळ्यांसमोर लाज वाटली माका."

"कोणाची?" रुक्मिणीने विचारलं. "हिची?"

मानसी चपलेचा पट्टा धरून तशीच वाकलेली राहिली. तीही उत्तराची वाट बघत होती.