बैत सलमामधल्या एकतीस चिठ्ठ्या

कलावतीला त्या शुक्रवारी सकाळपासून एकच धास्ती होती, की बायका येणारच नाहीत. आणि आल्या, चांगल्या एकतीस जणी आल्या, तेव्हा दुसरी धास्ती लागली, की आता आल्यात तर पुढे काय होणार. बाईचा स्वभावच तसा. नवरा नंदू दूर दुक्मच्या बंदरात क्रेनवर. तो पंधरा दिवसांनी घरी येतो, तर ही चौदा दिवस त्याच्या रस्त्याची काळजी करते आणि पंधराव्या दिवशी तो परत कधी जाणार याची. देवगडची माणसं कशाने डगमगत नाहीत म्हणतात. ही कुठून निघाली देव जाणे.

पण त्या दिवशीची तिची काळजी उगाच नव्हती.

बैत सलमा, म्हणजे सलमाचं घर, हे मस्कतच्या मत्रा भागातलं जुनं दुमजली घर. तीसेक वर्षांपूर्वी मस्कतमधल्या बायकांना पहिल्यांदा मत देता आलं, तेव्हा या घरच्या सलमाआजीने गल्लीतल्या बायकांना आपल्या दिवाणखान्यात बसवून मत कसं द्यायचं ते शिकवलं. आपली दागिन्यांची लाकडी पेटी रिकामी केली, झाकणाला करवतीने फट पाडून घेतली आणि सरावाचं मतदान घेतलं. आजी गेली. तिच्या सुनेने, उमामाने, घराचं म्युझियम केलं. आता ती महिन्यातून एकदा वेगवेगळ्या मुलखाच्या बायकांना बोलावते. त्यांनी आपल्यातला एखादा खराखुरा प्रश्न आणायचा आणि आजीच्या पेटीत मतं टाकायची. मग कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, खाणं, गप्पा. कलावती तिथे तीन वर्षं कामाला आहे. खुर्च्या मांडण्यापासून पेटीची किल्ली सांभाळण्यापर्यंत सगळी धावपळ तिचीच.

ह्या महिन्यात पाळी होती मस्कतच्याच माबेला भागातल्या मराठी मंडळाची, म्हणजे तिच्याच मंडळाची. आणि प्रश्न तिनेच सुचवला होता. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

मंडळाचा नियम असा, की एका कुटुंबाला एक मत. फॉर्मवर कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव, त्यामुळे मतही तोच देणार. गणपती कुठे बसवायचा, सहल कुठे न्यायची, मुलांचा मराठीचा वर्ग चालवायचा की बंद करायचा, सगळं पुरुषांच्या हातांनी ठरायचं. मोदक वळायला, रांगोळ्या घालायला आणि त्या वर्गात शिकवायला मात्र बायका. कलावतीने विचारलं होतं, प्रत्येक बाईला स्वतःचं मत असावं का, हे एकदा बायकांनाच विचारून बघूया का.

अध्यक्ष रामकृष्ण साळसकर, सगळ्यांचे काका, वीस वर्षं खुर्चीवर. माणूस मनाचा वाईट नाही. ते हसून म्हणाले, बायकांनाच हवं असेल तर मी कोण आडवा येणारा? पेटी मी सगळ्यांसमोर उघडेन. जास्त मतं हो निघाली तर पुढच्या आठवड्याच्या सभेत नियम बदलू. नाही निघाली तर विषय खलास, परत काढायचा नाही. त्यांना खात्री होती की नाहीच निघणार. खरं सांगायचं तर कलावतीलाही अर्धीअधिक तीच भीती होती. फोनवर जिला विचारावं ती म्हणायची, आमचे हे देतात की मत, कशाला उगाच.

आकांक्षा तेवढी काही म्हणाली नव्हती. सव्वीस वर्षांची पोर, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. नवरा स्वरूप गाड्यांच्या शोरूममध्ये. दिसायला हसतमुख, पण बायकोने कुठल्या वेळी कुणाशी फोनवर बोलावं हेही तोच ठरवायचा. आदल्या आठवड्यात त्याने तिला बजावलं होतं, आपल्या घरचं मत एकच आहे, तिथे 'नाही' लिहून ये. हे तिने कलावतीला शुक्रवारी दुपारी बैत सलमाच्या स्वयंपाकघरात साबुदाणावडे थापता थापता सांगितलं. सांगताना हात थांबला नाही, पण वडे वेडेवाकडे व्हायला लागले.

"कलाताई, कुणाला कळणार नाही ना, मी काय लिहिलं ते?"

तिने हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा कलावतीने वड्यांचा ओला हात आपल्या गळ्याला लावला आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ. चिठ्ठी तुझी, पेटी आजीची. तिसऱ्या कुणाला कळायचं नाही."

झालं. शपथ घेऊन बसली बाई.

चार वाजता मतदान सुरू झालं. चिठ्ठ्या काकांनी पाठवल्या होत्या. मंडळाचा सगळा कारभार कूपनांवर चालतो. महाप्रसाद असो की कोजागिरीचं दूध, कूपन दाखवल्याशिवाय वाटी पुढे येत नाही. मागे एका वर्षी कुणीतरी कूपनांच्या झेरॉक्स काढल्या आणि शेवटच्या दोन पंगतींना श्रीखंड उरलं नाही. तेव्हापासून काका प्रत्येक कूपनावर मंडळाचा शिक्का मारतात, सही करतात आणि कुटुंबाचा नंबर घालतात. तीच कूपनं त्यांनी आज चिठ्ठ्या म्हणून दिली होती. मागची बाजू कोरी, तिथे हो किंवा नाही लिहायचं. कलावतीने यादी हातात घेतली आणि दरवर्षी प्रसादाला पुकारते तशी पुकारू लागली. चार. नऊ. सतरा. सतराला आकांक्षा उठली, कूपन घेतलं, आतल्या खोलीत गेली. इतर जणी चटकन बाहेर येत होत्या. तिला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. तिने घडी केलेली चिठ्ठी पेटीत टाकली आणि कुणाकडे न बघता अंगणात निघून गेली.

एकतीस जणींनी मतं दिली. एकीलाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? बहुतेक जणी अकरा वर्षं त्याच नंबरवर जेवत आल्या होत्या.

खटकलं उमामाला. साडेपाचच्या सुमाराला ती उरलेली कूपनं गोळा करत होती, सुट्टीवर गावी गेलेल्यांची. तिने एक उलटंसुलटं करून पाहिलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, हा आकडा कसला? कलावती खुर्च्या सरकवत होती. सहज म्हणाली, कुटुंबाचा नंबर. मग तिचा हात खुर्चीवरच राहिला.

आई गं.

ती त्याच खुर्चीत बसली. काका पेटी उघडणार. काका चिठ्ठ्या वाचणार. आणि काका कशा वाचतात ते तिला पाठ होतं, लकी ड्रॉला वाचतात तशा. चष्मा कपाळावर, कूपन डोळ्यांजवळ, आधी खणखणीत आवाजात नंबर, मग पुढचं. नंबर सतरा! आणि समोर स्वरूप उभा. एकटा स्वरूपच कशाला, एकतीस नवरे सहा वाजता बायकांना न्यायला येणार होते. सवयीचा माणूस, मुद्दाम नाही वाचणार, पण वाचणारच.

सांगावं का सगळ्यांना? तिने अंगणाकडे पाहिलं. बायका कहवा पीत हसत होत्या. सांगितलं तर काका म्हणणार, अहो वहिनी, घरातल्या घरात कसलं लपवायचं, आणा इकडे. आणि मग जी नको म्हणेल तिच्याकडे सगळे वळून बघणार. नको म्हणाली म्हणजे नक्की काहीतरी लिहिलंय. छे, ते तर आणखी वाईट. परत मतदान घ्यावं, तर वेळ नाही, आणि नवऱ्यांच्या देखत कोण हो लिहिणार होतं?

तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली. उमामा नमाजासाठी वर गेली. दिवाणखान्यात कलावती आणि पेटी. किल्ली तिच्याच कमरेला.

तिने पेटी उघडली, सगळ्या चिठ्ठ्या ओंजळीत घेतल्या आणि स्वयंपाकघरात पळाली. फळकुटावर चिठ्ठ्या पसरल्या, नंबराची बाजू वर, उत्तराची खाली. कुणाचं उत्तर आपण बघायचं नाही, एवढं इमान तिने त्या गडबडीतही राखलं. फळ्यावर लिहायचं काळं मार्कर घेऊन तिने पहिला नंबर खोडला. चार. मग नऊ. मग सतरा. तिसऱ्या चिठ्ठीला तिला दिसलं, की कागद पापडासारखा पातळ, शाई आरपार उतरून खालच्या फळकुटावर डाग पडतायत. म्हणजे पलीकडचं उत्तरही गेलं. बाहेर गाड्यांची दारं आपटायला लागली. काकांचा आवाज आला, काय मंडळी, वडे उरलेत की संपले?

डोळ्यांसमोर दुसरं काही येईना, फक्त ती पोर आणि तिचे लाल कान. कलावतीने सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, सिंकमध्ये टाकल्या आणि वर कहव्याची अख्खी किटली ओतली. मग नळ सोडला. दोन्ही हातांनी तो लगदा पिळला, कुस्करला, कचऱ्याच्या पिशवीत भरला. पिशवीला गाठ मारली. आता सतरा नंबर कुणी पुकारणार नव्हतं.

बाहेर येऊन तिने सांगितलं, की पेटी हलवताना तिच्या हातून आत कहवा सांडला. चिठ्ठ्यांचा चिखल झाला, काही वाचता येत नाही. चूक तिची.

मग काका हसले. अगदी प्रेमाने म्हणाले, जाऊ द्या वहिनी, देवाच्या मनात नव्हतं. पुढच्या वर्षी बघू. दोन-चार पुरुषही हसले. बायका मात्र हसल्या नाहीत. वसईची इरीन, जी कधी कुणाला उलट बोलत नाही, तिने हातातला पेला जरा जोरातच खाली ठेवला. उमामा जिन्यावरून उतरत होती. तिने कलावतीच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि पेटीचं झाकण लावलं. ते कलावतीला लागलं. पण तिने मनाला सांगितलं, एक पोर वाचली ना, मग बस्स.

आवराआवर करताना आकांक्षा पेले घेऊन स्वयंपाकघरात आली. कलावतीने दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. नंबर, मार्कर, किटली. म्हणाली, "घाबरू नकोस आता. काका तुझा सतरा नंबर पुकारणार होते. थोडक्यात वाचलीस."

आकांक्षा नळाखाली पेला धरून उभी राहिली. पाणी भरून वाहायला लागलं तरी तिने हात काढला नाही.

"ताई, मी हो लिहिलं होतं," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव लिहिलं होतं. पूर्ण."

कलावतीला आधी समजलंच नाही. "नाव? कशाला गं?"

"तुम्हाला विचारलं तेव्हा खरंच भीती वाटत होती. मग आत एकटीच बसले. म्हटलं, घरी हे माझ्या तोंडातून जन्मात निघणार नाही. इथे काका मोठ्याने वाचतील, सगळे असतील, स्वरूप पण असेल. एकदा चार माणसांत बोललं गेलं की त्याला ते परत माझ्या तोंडात कोंबता येणार नाही." तिने नळ बंद केला. "खूप वेळ लागला मला लिहायला."

कलावती ओट्याला टेकली. "मला वाटलं... अगं, मी तुझ्यासाठीच केलं. मी शपथ घेतली होती."

"माहितीये." आकांक्षा रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "पण मी तिकडे अंगणातच होते ना, ताई. दहा पावलांवर. मला विचारायचं होतंत." मग म्हणाली, "स्वरूप पण असंच करतो. माझ्या काळजीने."

बाहेरून हॉर्न वाजला. आकांक्षाने ओढणीला हात पुसले आणि ती निघाली. कलावती तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. गाडीचं दार धरून उभा असलेला स्वरूप हसत विचारत होता, आपलं 'नाही'च होतं ना गं? बरोबर लिहिलं होतंस ना?

"भिजलं ना ते सगळं," एवढंच आकांक्षा म्हणाली, आणि गाडीत बसली.