अठरा हातांची हिरावती

हिरावती कोणीही मोजली तरी अठरा हात भरायची, कारण अठरावा हात मोजून झाला की ती मोजणाऱ्याच्या मापाची व्हायची. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. लांब हाताच्या माणसाने मोजली की होडी लांब, आखूड हाताच्या माणसाने मोजली की आखूड.

हे तांडेलांच्या घरात कळायला पन्नास वर्षं लागली, कारण पन्नास वर्षांत तिला कोणी मोजलंच नव्हतं. दाजी मेस्त्रींनी ती बांधली तेव्हा नकाशा नव्हता. त्यांचा हात हाच नकाशा, आणि तो एकवीस इंच भरायचा. दाजींना उभ्याउभ्या, न वाकता गुडघा खाजवता यायचा, असं आप्पा तांडेल सांगत. त्या हिशेबाने हिरावती साडेएकतीस फूट होती. डोलकाठी, शीड, सुकाणू, सगळं त्याच मापाचं होतं. आप्पांनी नऊ वर्षं खपून तिच्या कुजलेल्या फळ्या काढल्या, सागाच्या नव्या बसवल्या, फटींत कापूस ठोकला, वरून तेल पाजलं. आणि मग त्यांची मुलगी केतकी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आली.

होडीच्या जुन्या कागदावर 'लांबी अठरा हात' असं लिहिलेलं तिने वाचलं आणि खात्री करायला गेली. तिचा हात साडेसोळा इंचांचा. सतराव्या हाताला फळ्यांनी श्वास आत घेतला. अठराव्याला सोडला. झापांच्या मांडवाखाली आता पावणेपंचवीस फुटांची हिरावती उभी होती.

आप्पा होडीच्या आत दुपारचे झोपले होते. ते आकसले नाहीत. त्यांना खोबरेल लावून काढावं लागलं.

"तुला कोणी सांगितलं होतं मोजायला?" आप्पांनी विचारलं.

"खात्री करत होते."

"झाली?"

"झाली."

केतकीने मग पद्धतशीर प्रयोग केले. पोलादी टेपने अकरा वेळा मोजलं, होडी ढिम्म. सतरा हातांवर थांबून बघितलं. श्वास आत जाई, पण थांबलं की तसाच परत येई. आप्पांनी स्वतः मोजली, सत्तावीस फूट झाली. डोलकाठी मात्र कोणाच्याच हाताला दाद देत नव्हती. ती दाजींच्याच मापाची राहिली, आणि सत्तावीस फुटांच्या होडीवर उभी केली की होडी लगेच एका कुशीवर निजत होती.

गुरुवारी होडी समुद्रात न्यायचा दाखला द्यायला बंदराचे तपासनीस येणार होते. होडीत आप्पांच्या पुतण्याचा, दिनेशचा, अर्धा हिस्सा होता आणि त्याने सरळ सांगितलं होतं, "काका, या गुरुवारी दाखला मिळाला तर चालवा. नाहीतर ती रिसॉर्टच्या हिरवळीवर जाईल. ते आत सोलकढीचा काउंटर टाकणार आहेत."

"सोलकढीचा," आप्पा त्या दिवशी जेवताना तीनदा म्हणाले. वाटीतली सोलकढी त्यांनी घेतली नाही.

म्हणून केतकी एकवीस इंचांचा हात शोधायला निघाली. ती माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. एसटीचा कंडक्टर एकोणीस. पोस्टमन साडेअठरा. शेवटी हायस्कूलच्या खेळाच्या शिक्षिका शेट्येबाई फळ्यावर अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना दिसल्या. बाई विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळलेल्या होत्या.

"हात हवाय," केतकी म्हणाली.

"मागणी घालायला आलीस की काय?" बाई म्हणाल्या आणि बाही वर केली. एकवीस.

बुधवारी दुपारी शेट्येबाईंनी हिरावती मोजली. अठराव्या हाताला ती साडेएकतीस फूट झाली आणि तिचं नाक शेजारच्या बिर्ज्यांच्या स्वयंपाकघरात गेलं.

"आलीच आहे तर चहा विचारते तिला," पलीकडून बिर्जेकाकू म्हणाल्या.

संध्याकाळच्या भरतीला गावाने हैसा करत होडी पाण्यात ढकलली. रात्रभरात लाकूड फुगलं, फटी मिटल्या, सकाळी आत थेंब नव्हता.

तपासनीस निमकर वेळेवर आले. एक वही, एक डबा, चेहरा शांत. केतकीने सवयीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. तेरा इंच. तिने मनात गुणाकार केला: साडेएकोणीस फूट. मग तिने तो विचार बाजूला ठेवला, कारण निमकरांकडे टेप होता.

जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला होता. शीड भरलं. आप्पा मागच्या टोकाला काठाच्या फळीवर बसले. दाजींचं सुकाणू एवढं जड होतं की सरळ धरायला बसून चाले, पण वळवायचं तर उठून छाती लावावी लागे. नऊ वर्षांत आप्पांची पाठ एवढी ताठ केतकीने पाहिली नव्हती. किनारा मागे गेला. बिर्ज्यांची भिंत, तिच्यातल्या भोकासकट, बोटाएवढी झाली.

निमकरांनी टेप लावला. "साडेएकतीस फूट. गळती नाही. छान." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, जुना कागद उलगडला आणि थांबले. "इथे अठरा हात लिहिलंय."

"तेच ते," आप्पा म्हणाले.

"तेच असेल. पडताळावं लागेल." त्यांनी बाही वर केली.

केतकीने त्यांना सगळं सांगितलं. आकडे दिले, डोलकाठीचं आणि खोबरेलाचंही सांगितलं. निमकरांनी मन लावून ऐकलं.

"असं असेल तर तसा शेरा मारता येईल," ते म्हणाले. "पण आधी मोजावं लागेल."

"किनाऱ्यावर मोजा."

"होडी पाण्यातच मोजायची. जमिनीवर लाकूड आकसतं, तुम्ही शिकलेल्या आहात."

ते नाकाकडून काठाच्या फळीवर कोपर टेकत निघाले. सातव्या हाताला केतकीने त्यांची जन्मतारीख विचारली. त्यांनी सांगितली, मोजणी विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाराव्याला तिने एकोणिसाचा पाढा म्हटला. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पण या वेळी कानामागची पेन्सिल काढून प्रत्येक हाताला खूण करत.

"मला घाई नाही," ते म्हणाले.

मापाप्रमाणे त्यांचा अठरावा हात होडीच्या मध्याच्या थोडं पुढेच संपायला हवा होता. पण ते जसजसे पुढे सरकत होते तसतशी फळी त्यांच्या कोपराखालून मागे जात होती, एखादी जुनी ओळख लागल्यासारखी. पंधरा. सोळा. सतराव्याला फळ्यांनी श्वास आत घेतला. सतराव्या खुणेपुढे काठाचा एकच तुकडा उरला होता, आणि त्यावर आप्पा बसले होते.

"जरा उठता का?" निमकर म्हणाले.

"नाही."

"एकच हात राहिलाय."

"म्हणूनच."

"मोजल्याशिवाय मला सही करता येणार नाही, तांडेल."

"करू नका. इथे सोलकढीचा काउंटर येत नाही."

निमकरांनी यावर विचार केला आणि मान डोलावली. त्यांनी उजवं कोपर सतराव्या खुणेवर टेकवलं आणि हात आप्पांच्या पाठीशी सरळ उभा धरला, जागा मोकळी झाली की आडवा घालायला.

"आप्पा," केतकी म्हणाली, "होडी वळवायला हवी."

"वळवायला उठावं लागतं, बाय."

किनारा दिसेनासा झाला होता. वारा चांगला होता आणि हिरावती नाकासमोर पश्चिमेला चालली होती. केतकीने अक्षांश आठवून पाहिला. या रेषेत पुढची जमीन ओमानची, साधारण दोन हजार किलोमीटर. तिने आकडा पुन्हा एकदा तपासला. फळ्या श्वास रोखून होत्या.

निमकरांनी डाव्या हाताने डबा उघडला. आत घावन होते, तिघांना पुरतील असे.