छातीचं माप

दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या छातीला तिनं टेप लावला होता. स्वतःच्या छातीला मात्र, बटण जन्मल्यापासून, एकदाही नाही. बटण म्हणजे तिची चार वर्षांची लेक. कुठेही ठेवली तरी घरंगळत कपाटाखाली सापडायची, म्हणून बटण. स्वतःचे कपडे ती अंदाजानंच शिवायची, ढगळ, गळ्यापर्यंत बंद.

“दिव्याखाली अंधार,” आत्या म्हणायची. आत्या तिच्या वडिलांची धाकटी बहीण. दुकान आत्याचं, आणि तिच्या हातात पहिली कात्री दिली तीही आत्यानंच.

खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी चर पडले होते, बोट ठेवलं तर बसेल असे. छातीखालची कातडी उन्हाळाभर सोलवटलेली असायची. हे सगळं तिनं पचवलं असतं. पण आता मान आखडली की उजव्या हाताला मुंग्या यायच्या, आणि त्याच हातानं ती कात्री धरायची. मागच्या महिन्यात एका कोटाचं कापड कापताना बोटं बधिर झाली आणि कात्री खुणेबाहेर गेली. आत्यानं त्या तुकड्याचा खिसा करून वेळ मारून नेली. पण घाबरायचं ते ती घाबरलीच.

सर्जनबाई समजुतीनं बोलल्या होत्या. “छाती लहान करायच्या ऑपरेशननं आराम पडेल. वजन आधी कमी केलंच पाहिजे असं नाही, तुमच्या वजनात मी करू शकते. जरा कमी असलं तर जखम लवकर भरते, एवढं खरं. पण तुमचं वजन अजून बरंच उतरणार असेल, तर आधी उतरू द्या. नंतर उतरलं तर आकार बदलतो, आणि काढलेलं मला परत लावता येत नाही. दोनतीन महिने घ्या, विचार करा.”

त्यातलं ‘आधी उतरू द्या’ एवढंच ती घरी घेऊन आली. धंद्यातही हेच शिकली होती ना! सुती कापड आधी पाण्यातून काढायचं, आटू द्यायचं, मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात झगा गुडघ्यावर.

सासूबाईंना तर ते फारच पटलं. “मी तेच म्हणते. तोंडाला लगाम घातला की आपोआप उतरेल सगळं. कापाकापी कशाला?” त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. फक्त तिच्या ताटाकडे बघितल्याशिवाय त्यांचा घास उतरायचा नाही.

ती सकाळी चालायला लागली. एकावर एक दोन ब्रा घालून, हात पुढे बांधून, थंडी वाजल्यासारखी. पळायची सोय नव्हतीच. नवरा बटणला आवरायचा आणि तिचे केस इतके वाकडे बांधायचा की शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? पहिल्या काही आठवड्यांत वजन खरोखर उतरलं. गाल बसले, कमरेचे कपडे सैल झाले. मग काटा एका जागी जो बसला, तो हलेना. तिनं रात्रीचं जेवण अर्धं केलं, काटा ढिम्म. सासूबाईंच्या नजरेपुढे उभं राहावं तशी ती रोज त्या काट्यावर उभी राहायची. अजून थोडं, म्हणजे सर्जनबाईंकडे तोंड वर करून जाता येईल.

आणि त्या भरात तिनं एक चूक केली. आपला निळा ड्रेस सैल वाटला म्हणून एका दुपारी बगलेपासून खालपर्यंत एकसारखा आत घेतला. बारीक झालेल्या गिऱ्हाइकांचा घ्यायची तसाच, वरपासून खालपर्यंत एकच रेघ. टेपला हात न लावता.

दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेली एक मुलगी फिटिंगला आली. तिच्या खांद्याला टाचणी लावायला हात वर केला आणि टर्रकन आवाज झाला.

मुलगी किंचाळली, “ताई, फाटला माझा!”

“तुझा नाही गं. माझा.”

मुलगी आधी हसली, मग लाजली. जाताना म्हणाली, “ताई, मी लग्नापर्यंत बारीक होणारच आहे. थोडा घट्टच शिवा ना.”

“आज आहेस तशी छान शिवते. झालीस बारीक, तर आत घेऊ.” हे वाक्य तिच्या तोंडून आपसूक आलं. वर्षानुवर्षं ती हेच सांगत आली होती. आधी अंग सुधारून ये, मग शिवते, असं तिनं आजवर एकीलाही म्हटलं नव्हतं.

पोरीची पाठ वळताच आत्यानं गळ्यातला टेप काढला. “चल पडद्यामागे.”

“आत्या, नको.”

“सोनारानंच कान टोचलेले बरे. हात वर.”

आत्याची बोटं गार होती. तिनं कंबर मोजली, मग छाती. थांबली. पुन्हा मोजली.

“कमरेला चांगली चार बोटं उतरलीस. आणि इथं, बटणच्या वेळी पोटुशी होतीस तेव्हाचा कोट मी शिवला होता, आठवतं? त्या मापात दोऱ्याचा फरक नाही.”

डोळे भरून आले ते आत्याला दिसू नयेत म्हणून तिनं मान वर केली, तर समोर आरसा.

“म्हणजे मी अजून...”

“म्हणजे तू काही नाही,” आत्या टेप गुंडाळत म्हणाली. “कापड कितीदा भिजवतेस?”

“एकदा.”

“का? चारदा बुचकळून बघ की.”

“आटायचं तेवढं पहिल्यांदाच आटतं. मग नाही आटत.”

“मग काट्यावर रोज उभी राहून काय बुचकळतेस? सासूला घाबरतेस का कात्रीला?”

“दोघींना,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. सर्जनबाईंचं ‘असेल तर’ तिला आत्ता ऐकू आलं. उतरायचं ते उतरलं होतं. त्यापुढची वाट ती शिक्षा भोगावी तशी बघत होती, आणि तोवर हात मुंग्यांच्या स्वाधीन.

तिनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. वजन किती उतरलं, कधीपासून थांबलंय, सगळं सांगितलं. सर्जनबाई म्हणाल्या, थांबलेलं वजनच हवं होतं. या, तारीख ठरवू. चालणं मात्र सोडू नका.

संध्याकाळी सासूबाईंनी ऐकलं आणि बराच वेळ भांडी लावत राहिल्या. मग त्यांनीच तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. “ऑपरेशनला ताकद लागते,” म्हणाल्या.

बटण तिच्या छातीवर डोकं ठेवून लोळत होती. “आई, माझी उशी डॉक्टर नेणार?”

“थोडीशी. तुझ्यापुरती ठेवणार.”

“मग तू मला उचलून फिरवशील?”

“बरी झाले की, दुकानापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी आत्यानं कपाटातून एक सुती कापड काढलं, फिकट पिवळं. “घे. नंतरचा ड्रेस आत्ताच काप, मनाला बरं वाटेल.”

तिनं ते पाण्यातून काढलं, पिळलं आणि दुकानामागच्या दोरीवर वाळत घातलं. कात्रीला हात लावला नाही.

“नवं माप आल्यावर,” ती म्हणाली. “आणि तेव्हा टेप मी धरीन.”