मांत्रिकाचा ताप

लांबीच्या दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस गज, रुंदीला सात, वर पत्रा, खाली लोखंडी तळ, मागच्या कप्प्यात जाळीपलीकडे एक शेळी आणि शेळीपुढे घासाची अर्धी पेंढी. एवढं मोजून झाल्यावर सूरजच्या ध्यानात आलं, की या मोजदादीत आता स्वतःलाही धरायला हवं.

बिबट्यासाठी वनखात्याने लावलेल्या त्या पिंजऱ्याचं दार पडलं तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन नीट बसायला मागे सरकत होता. फळीवर वजन आलं, खटका सुटला, आणि दार सरळ खाली आलं. खिट्टी बाहेरून बसली. फोन बाहेर, उसाच्या बुडख्याला टेकवून ठेवलेला. टायमरवर लावलेला फोटो मात्र फोनने काढला.

फोटो हवा होता चित्रकथेसाठी. सूरज प्राणिशास्त्रातला एम.एस्सी.; नोकरी मिळत नव्हती, म्हणून गेले चार महिने तो दर शनिवारी ‘नववी कोठडी’चं एक पान व्हॉट्सॲपवर टाकत होता. सरकारचा एक गुप्त विभाग डोंगरातले मांत्रिक धरून नेतो, पिंजऱ्यात कोंडून त्यांच्यावर प्रयोग करतो आणि त्यांचे बिबटे करून जुन्नरच्या उसात सोडतो, अशी ती कथा. पहिल्या पानावर त्याचं नाव होतं. पण पहिलं पान पुढे पाठवतो कोण? बाकीची पानं मंचरच्या कांदेवाल्यांच्या ग्रुपवरून फिरत फिरत त्याच्या आत्याकडून त्यालाच परत आली, वर ‘सावध राहा, सर्वांना कळवा’ असं लिहून. तेव्हा तो दिवसभर खुशीत होता.

आता बराच वेळ तो ओरडत होता. उन्हं उतरायला लागली होती, पण पत्रा अजून भाजत होता. बाहेरचा फोन मघाच तापून बंद पडला होता. दोन गजांमधून त्याची मूठ सहज बाहेर जात होती. म्हणजे पंजाही सहज आत येणार. आणि पिंजरा इतका अरुंद, की मधोमध बसलं तरी दोन्हीकडचे गज हाताच्या अंतरावर. अंधार पडायच्या आत बाहेर पडायला हवं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

शेळीला घास टाकायला कुशाबाई आली. पिंजरा तिच्याच उसात होता.

“कोन हाय आत?”

“कुशाआजी, मी सूरज! खिट्टी काढा जरा.”

म्हातारी बांधावरच थांबली. विळा तिने हातात घट्ट धरला.

“सूरज नारायणगावला गेलाय. सकाळी जीपमदी बसताना म्या सोता बघितला.”

“फाट्यावर उतरून मागं आलो. पिंजऱ्यापाशी जायचं नाही म्हणून सांगितलंय ना, म्हणून गुपचूप आलो.”

“आन् आत कशापायी शिरला?”

“आत बसून कसं वाटतं ते बघायला.”

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते पटेना.

कुशाबाई दोन पावलं मागे सरली आणि तिने हाळी दिली. “भगवंता! काठी घिऊन ये रं! जनावर सूरजच्या आवाजात बोलाया लागलंय!”

तिचा मुलगा भगवंत पळत आला, मागोमाग सून रुपाली. ती गावची आशाताई. खांद्याला औषधांची पिशवी तशीच होती. भगवंतने वाकून आत पाहिलं.

“सूरजसारखाच दिसतोय की.”

“सारखा काय दादा, सूरजच आहे मी!”

“दिसनारच,” कुशाबाई म्हणाली. “वळखीच्या मानसाचं रूप घेत्यात ते. रुपीनं वाचून दावलं न्हाई का, आठवं पान?”

“आजी, ते आठवं पान मीच काढलंय! सगळं खोटं आहे. मनाचं आहे.”

रुपालीचा चेहरा बदलला. “अहो,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “नवव्या पानावर तो कोंडलेला मांत्रिक पहिल्यांदा हेच म्हणतो. सगळं खोटं आहे.”

सूरजला ते वाक्य आठवलं. फार जमलंय म्हणून त्याने ते ठळक अक्षरांत काढलं होतं.

“माझ्या आईला बोलवा.”

“आन् तिला फाडलंस म्हंजे?” भगवंत म्हणाला. “गेल्या महिन्यात दोन कालवडी गेल्यात आमच्या. खिट्टी काढली आन् भलतंच निघालं, तर गाव मला सोडंल का? फॉरेस्टचा मानूस सकाळी येतोय, तवर ऱ्हा. शेळी हाय सोबतीला.”

“रात्री खरा बिबट्या आला तर?”

“तर काय राव, तू आतच हाईस की.”

“वहिनी, तुमचं तरी बारावी सायन्स झालंय!”

“म्हणूनच म्हणते, नुसत्या बोलण्यावर नको जायला,” रुपाली म्हणाली आणि पिशवीतून तिने थर्मामीटर काढला. “अकरावं पान. रूप बदललं तरी अंगातली ऊब जनावराचीच राहते. एकशे एकच्या वर तो बिबट्या, खाली तो माणूस.”

सबंध चित्रकथेत खरी म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती. मांजरकुळातल्या प्राण्यांचं तापमान त्याने पुस्तकात बघून घातलं होतं. सूरजला हायसं वाटलं. शेवटी मोजमापावर आलं होतं सगळं.

“खाली आला तर हितंच खिट्टी काढतो,” भगवंत म्हणाला. “वर आला तर सकाळी फॉरेस्ट. कबूल?”

“कबूल.”

रुपालीने थर्मामीटर उसाच्या टिपरीला बांधला आणि लांबूनच गजांतून आत सरकवला. घ्यायला हात पुढे केला तेव्हा सूरजला दिसलं, की हात कोरडा आहे. मघापर्यंत अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्या कधी थांबल्या, त्याला कळलं नव्हतं. डोकं ठणकत होतं. घाम थांबला की अंगाचं काय होतं, हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं.

“वहिनी, आधी पाणी द्या. अंगावर ओता थोडं. मग लावतो.”

“बघ, बघ!” कुशाबाई ओरडली. “गार व्हाया बघतंय! आत्ताच्या आत्ता घाल म्हनावं तोंडात!”

“अहो आजी, मी दुपारपासून तापलेल्या पत्र्याखाली आहे...”

“जिभेखाली,” भगवंत म्हणाला. काठी त्याने दोन्ही हातांनी धरली होती. “आन् तोंड मीट.”

सूरजने तोंड मिटलं. शेळी घास चघळत त्याच्याकडे बघत होती. बांधावर तिघं उभी होती आणि त्यांच्या सावल्या उसापर्यंत लांबल्या होत्या. तो नाकाने सावकाश श्वास घेत राहिला.

थर्मामीटर वाजला. त्याने तो टिपरीला पुन्हा अडकवला. रुपालीने टिपरी ओढून घेतली, आकडा उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचला.

“एकशे एक पॉइंट चार.”